ओट्यापाशी जर्मनचे धडे

मुलीचं लग्न ठरवताना पत्रिका, पगार, घरदार यांची चौकशी पूर्वीपासूनच होत आली आहे. पण मुलगा जर्मनीत नोकरीला असला, की आता आणखी एक प्रश्न पुढे येतो : मुलीची ‘ए-वन’ झाली आहे का? नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या पत्नीला जर्मन भाषेची निदान पहिली पायरी आली पाहिजे, असा नियम त्या देशाने २००७ साली केला. नवऱ्याच्या परवान्यानुसार काहींना यातून सूट मिळते. ती आपल्याला लागू आहे का, हे वकिलातीच्या माहितीत आधी पाहून घ्यावं. परिचारिका म्हणून जाणाऱ्यांना तर याच्या पुढच्या पायऱ्याही चढाव्या लागतात. तेव्हा हे शिकणं हौसेपुरतं राहिलेलं नाही. परीक्षा राहिली, तर संसार दोन देशांत वाटला जातो.

पुण्यामुंबईत मॅक्स म्यूलर भवन आहे, शिकवण्याही आहेत. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या किंवा दिवसभर नोकरी करणाऱ्या मुलीने काय करायचं? इथे हातातला फोन कामी येतो. घरबसल्या भाषा शिकवण्याची कल्पना तशी जुनीच. लंडनची लिंग्वाफोन कंपनी १९०१ मध्ये निघाली आणि तबकड्यांवरून धडे घरोघर गेले. पण तबकडी नुसती बोलायची. आपण काय बोललो, ते तिला ऐकू येत नसे. फोन ऐकतो, हाच मोठा फरक. डुओलिंगो हे २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं अॅप आपल्याकडून वाक्य म्हणवून घेतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही चित्रफितींची धडेमाला तर विनामूल्य आहे. कुकर होईपर्यंत एक धडा सहज होतो.

या अॅपमागची एक युक्ती मात्र फोनशिवायही साधते. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोजून दाखवलं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यावर घरगुती उपाय सुचवला. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला जर्मन शब्द, दुसरीला मराठी अर्थ लिहा. शब्द आला, तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकला, तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे उत्तरोत्तर अधिक दिवसांनी. चपलांचं रिकामं खोकं पुरतं!

आता एक गंमत पाहा. बरीचशी अॅप इंग्रजीतून शिकवतात, पण जर्मन कित्येक ठिकाणी मराठीच्याच जवळची आहे. आपण ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे एक आधी, वीस नंतर. जर्मनमध्येही ‘एक-आणि-वीस’च. ‘व्हाइल इश क्रांक बिन’ म्हणजे शब्दाला शब्द ‘कारण मी आजारी आहे’. तू आणि तुम्ही, तसे ‘डू’ आणि ‘झी’. तो, ती, ते तसे ‘डेअर, डी, डास’. फक्त लिंगं जुळतीलच असं नाही. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आणि ‘मुलगी’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी! म्हणून प्रत्येक नाम त्याच्या ‘डेअर-डी-डास’सकटच पाठ करावं. वहीत अर्थ मराठीतच लिहावा. इंग्रजीचा वळसा कशाला?

पण फोनवर सगळा भार टाकू नये. ‘ए-वन’च्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात आणि १०० पैकी ६० गुण लागतात. अर्ज भरायचा, छोटं पत्र लिहायचं, तिथे अॅपसारखे तयार पर्याय समोर नसतात. बोलण्याची परीक्षा इतर उमेदवारांबरोबर होते. समोरचीचा प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारावं लागतं. ते धैर्य माणसांशी बोलूनच येतं. शिवाय फोनने ‘बरोबर’ म्हटलं, म्हणून उच्चार दुकानदाराला कळेलच असं नाही. ओठ ‘ऊ’चे करून ‘ई’ म्हणण्याचा तो स्वर जाणत्या बाईंसमोरच घोटावा.

२०२२ नंतर चॅटजीपीटीसारख्या संभाषण करणाऱ्या यंत्रांचीही भर पडली आहे. ‘तू भाजीवाली हो, मी गिऱ्हाईक,’ असं सांगून सराव करता येतो, आणि दहादा चुकलं तरी ते यंत्र वैतागत नाही. लाजऱ्या मुलींना याचा फार उपयोग. पण नियम समजावताना ते कधी कधी ठासून चुकीचंही सांगतं. शंका आली, की शब्दकोश उघडावा. पासपोर्टचे तपशील मात्र त्याला मुळीच देऊ नयेत.

रोजचा तास असा वाटून घ्या : वीस मिनिटं ऐकून मोठ्याने म्हणणं, दहा मिनिटं चिठ्ठ्या, वीस मिनिटं हाताने लिहिणं आणि उरलेली दहा मिनिटं आदल्या दिवशीच्या चुका. आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेशी किंवा शिकणाऱ्या मैत्रिणीशी फक्त जर्मनमध्ये बोला. आणि घरच्यांनो, हा एक तास तिला कामाला हाका मारू नका. धडे फोनवर फुकट मिळतात, पण तेवढी मोकळीक घरानेच द्यायची असते.