किहिमकर कुठले?

तुम्हाला फुलपाखरांचा नाद असेल, तर आयझॅक किहिमकर हे नाव माहीत असणारच. भारतातल्या फुलपाखरांवर त्यांनी चांगलं जाडजूड पुस्तक लिहिलंय. आता ते नाव पुन्हा वाचा बघू. आयझॅक हे ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातलं नाव. आणि किहिमकर? ते तर आपल्या अलिबागजवळच्या किहीम गावचं! ही जोडी जमली कशी?

कोकणातल्या बेने इस्राएल म्हणजे ज्यू लोकांच्या घराघरांत एक गोष्ट सांगतात. फार फार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. मग ती माणसं इथलीच झाली, गावोगाव पांगली, घाण्यावर तेल गाळू लागली. शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ती मराठी बोलू लागली, शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. आणि आडनाव? ज्या गावात घर, त्या गावाचं.

आता गंमत ऐका. आपल्याकडे आडनाव बहुधा वडिलांकडून मुलांकडे येतं. शरीरातही अशीच एक गोष्ट आहे, वाय गुणसूत्र. ते फक्त बापाकडून मुलाला मिळतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाची जनुकं मात्र आईकडूनच येतात, मुलालाही आणि मुलीलाही. म्हणजे दोन्ही तपासली की बापाकडची वाट वेगळी कळते, आईकडची वेगळी. बेने इस्राएल लोकांच्या जनुकांचा असा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की ज्यू वारसा मुख्यतः बापांच्या बाजूने आलाय आणि भारतीय वारसा मुख्यतः आयांच्या बाजूने. गोष्टीत गलबतातून सात बायका आल्या खऱ्या, पण जनुकं म्हणतात, पुढच्या बहुतेक आज्या-पणज्या इथल्याच! मला तर गोष्टीपेक्षा हे जास्त आवडलं.

किहिमकरांमध्ये आणखी एक मोठे गृहस्थ होऊन गेले, हाईम सॅम्युएल किहिमकर. आपल्या समाजाच्या मुलांसाठी १८७५ साली मुंबईत शाळा निघाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. समाजाचा इतिहासही त्यांनी १८९७ साली लिहून काढला. तो छापून आला १९३७ साली, थेट तेल अवीवमध्ये. तोवर ते हयात नव्हते.

खुद्द किहीमही पक्षीवेड्यांना ठाऊक आहे. १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अली तिथे राहून सुगरण पक्ष्यांची घरटी तासन्‌तास न्याहाळत असत. घरटं नर विणतो आणि मादी ते पसंत करते, हे त्यांनी तिथेच टिपलं.

१९४८च्या सुमारास भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पुढे बहुतेक जण इस्राएलला गेले. आज इथे जेमतेम काही हजार उरलेत, तिकडे मात्र कित्येक पटींनी जास्त आहेत. म्हणून किहिमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं दिमोना आणि अश्दोदसारख्या शहरांतही भेटतात. त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.

आता रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा. चौलकर, झिराडकर, दिवेकर यांची गावं शोधा. मग रोहेकर आणि आष्टमकर. ही दोघं तर कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची, अगदी समोरासमोरची शेजारी!