संगणक मध्येच मान टाकतो तेव्हा

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, वयाच्या ८१व्या वर्षी संगणकावर मराठी टाइप करायला शिकले आणि कोयनेच्या जलाशयात बुडालेल्या आपल्या गावाच्या आठवणी लिहू लागले. साठेक पानं झाली होती. एका दुपारी लिहिता लिहिता पडदा काळा झाला आणि आतला पंखाही थांबला. पुन्हा सुरू केला, तर दहा मिनिटांत तेच. दुरुस्तीवाला मुलगा आला, जरा वेळ खटपट करून म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावं लागेल." नाना एवढंच म्हणाले, "माझं गाव एकदा पाण्यात गेलंय. पुन्हा नको."

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्यात विंडोजबरोबर आपली कागदपत्रं आणि फोटोही जाऊ शकतात. म्हणून पहिला नियम असा, की दुरुस्ती नंतर, नक्कल आधी. मी संगणक तासभर थंड होऊ दिला, मग सुरू केला आणि इतर काहीही न उघडता नानांची पानं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. जीव भांड्यात पडला.

आता निदान. वैद्य औषधाआधी विचारतो, ताप कधी येतो? आपणही एक वही घ्यावी आणि संगणक किती वाजता, कशानंतर, कसा बंद पडला ते लिहावं. चार नोंदींत बराच उलगडा होतो.

निळा पडदा येऊन इंग्रजी मजकूर दिसत असेल, तर बहुधा एखादा ड्रायव्हर, रॅम किंवा हार्ड डिस्क यांपैकी कुणीतरी कुरबुर करतंय. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झाला आहे.) त्यावरचा संकेत लिहून घ्या. रॅम तपासायला विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची सोय असते. कोणताही निरोप न देता दिवा विझावा तसा संगणक बंद होत असेल, तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर घ्यावा. फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू होताना, किंवा दिवे क्षणभर मिणमिणताना तो बंद पडतो का? मग यूपीएसची बॅटरी थकली असेल. एकदा यूपीएस वगळून थेट भिंतीवरच्या प्लगवर चालवून पाहा. तरीही तेच होत असेल, तर आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, तपासून घ्यावा.

आमच्या वहीत मात्र वेगळंच दिसलं. थंड असताना संगणक वीस मिनिटं चालायचा, लगेच पुन्हा सुरू केला तर पाचच मिनिटं. हे उष्णतेचं लक्षण. खात्रीसाठी मी सुरू करतानाच डिलीटची कळ दाबून बायॉसमध्ये गेलो. काही संगणकांत त्यासाठी एफ-२ दाबावी लागते. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. आकडा चढत चढत ९० अंशांपुढे गेला आणि संगणक बंद पडला. विंडोज तर अजून सुरूच झालं नव्हतं! मग विंडोज पुसून काय साधलं असतं?

बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जवळ आली की तो आधी वेग कमी करतो, आणि तरीही ताप उतरला नाही, तर जळून जाण्याआधी स्वतःच बंद होतो. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो, तो खरं तर बचाव असतो.

वायर काढली, बटण दोन-चार सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि झाकण उघडलं. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीची गोधडीच पसरली होती! पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं ती काढली. पंख्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट माहीतगाराकडून नवी लावून घेतली. एक इशारा देतो. एसएमपीएस घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. लॅपटॉपचं दुखणंही बरेचदा हेच असतं. तो गादीवर ठेवला की हवेची भोकं बंद होतात.

तेव्हापासून आमचा संगणक मुकाट्यानं चालतोय. नाना रोज लिहून झालं की पानं पेन ड्राइव्हवर उतरवतात आणि तो आपल्या औषधांच्या डब्यात ठेवतात. तुमच्या घरची अशी 'साठ पानं' कुठं आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत आहे का, एवढं आज जरूर पाहा.