हिंगुळाच्या शेजारचा कार्बन

कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो परगण्यात पिकाचो शिखराजवळ पाऱ्याची एक जुनी खाण आहे. तिथे लाल हिंगूळ आणि गारगोटीच्या सोबतीने पिवळट, सुईसारखे स्फटिक मिळतात. अतिनील किरण पडले की ते निळे झळकतात. १९६७ साली त्यांना नवे खनिज समजून ‘पेंडलटनाइट’ म्हटले गेले. पण आजच्या युक्रेनमधल्या कार्पेथियन भागातून त्याची नोंद १९५५ सालीच झाली होती. त्यामुळे कार्पाथाइट हेच नाव टिकले. त्याचा रेणू कोरोनीनचा : कार्बनचे २४ अणू, हायड्रोजनचे १२, बाकी काही नाही.

पाऱ्याच्या खाणीत हा कार्बन आला कुठून? भूगर्भातल्या वायूंबरोबर वर आला, की कधीकाळच्या जिवांचा तो अवशेष? रेणूकडे बघून हे सांगता येत नाही. कोरोनीन कशापासूनही बनले तरी कोरोनीनच.

उत्तर अणूंच्या वजनात आहे. निसर्गातला सुमारे ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो, उरलेला जवळजवळ सगळा कार्बन-१३. (प्राचीन वस्तूंचे वय सांगणारा किरणोत्सारी कार्बन-१४ निराळा, त्याचे इथे काम नाही.) प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन किंचित लवकर वापरला जातो, म्हणून सजीवांत कार्बन-१३ कमी भरतो. नमुना जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला की हा फरक एका ठरलेल्या प्रमाणाच्या तुलनेत दर हजारी मोजता येतो. समुद्री चुनखडी शून्याच्या आसपास, पृथ्वीच्या प्रावरणातला कार्बन साधारण उणे ५, बहुतेक झाडे उणे २७ च्या जवळ. ज्वारी-ऊस मात्र उणे १२-१३ च्या घरात, कारण त्यांची कार्बन घेण्याची रीतच वेगळी.

जपानी संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिकाचोच्या कार्पाथाइटचा आकडा उणे २२ च्या आसपास आला. म्हणजे गाळाच्या खडकांतले सेंद्रिय द्रव्य तापले, त्यातली हायड्रोकार्बने गरम पाण्याबरोबर भेगांतून सरकली आणि हिंगुळासोबत स्फटिकरूपात बसली.

नुसत्या आकड्यावर मात्र मी एवढा विश्वास टाकला नसता. जिवांचा संबंध नसलेल्या काही रासायनिक क्रियांतूनही हलका कार्बन तयार होतो. इथे शेजारचे गाळाचे थर आणि गरम पाण्याच्या खुणा जिवांच्या अवशेषाच्याच बाजूने बोलतात, म्हणून पारडे झुकते. व्हेवेलाइट या कॅल्शियम ऑक्झलेटच्या खनिजाबाबत एवढे सोपे जात नाही : ते कोळशाच्या थरांतही सापडते आणि धातूंच्या शिरांतही, आणि त्याचे आकडे फार विखुरलेले आहेत. प्रत्येक जागेचा निवाडा तिथल्या खडकासकट स्वतंत्रच करावा लागतो.