आईचा ठसा: नाशिकच्या लेण्यापासून वानखेडेपर्यंत

मे महिन्यातला दुसरा रविवार आला की मोबाइलवर आईसोबतच्या फोटोंचा पूर येतो. येऊ दे, चांगलंच आहे. पण आपला स्वतःचा मातृदिनही आहे: श्रावणातली पिठोरी अमावास्या. आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न पाहता विचारते, "अतिथी कोण?" पाठीशी उभं असलेलं पोर "मी!" म्हणतं आणि वाण उचलतं. वय चार असो की चाळीस, उत्तर तेच.

आधी आई, मग राजा

गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सातवाहन राजांच्या नावात आई आधी येते. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 3 क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आजही आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी तो कोरला गेला. त्यात तिने आपल्या लेकाचं कौतुक केलंय: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक-यवनांना नमवलं. आणि हो, तो आईची सेवा करणारा होता, हेही तिने आवर्जून लिहवून घेतलं. एवढ्या मोठ्या पराक्रमाच्या यादीत ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्राने आईचं नाव सक्तीचं केलं. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. उशिरा का होईना, झालं हे बरं झालं.

रडण्यातही मायबोली

पोटातलं बाळ आईचा आवाज ऐकत असतं, हे ठाऊक आहे. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी काही दिवसांच्याच फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. त्या-त्या भाषेची चालच तशी. बोलायला शिकण्याआधीच पोर आईच्या बोलीत रडायला शिकतं!

तुरुंगातले दोन लेक

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घ्यायचे. बोलणारा आणि लिहिणारा, दोघेही आईने घडवलेले.

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता वाचायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. लेकाने मराठी समश्लोकी आणून दिली, तीही अवघड वाटली. तूच का नाही सोपी करून लिहीत, असं त्या म्हणाल्या. 1918 साली त्या गेल्या. विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली ती 1930 साली, आणि पुढच्या वर्षी पुरी केली. पुढे तिच्या लाखो प्रती घरोघर गेल्या.

याच माउलीने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता. दाणा-दाणा मोजत बसायच्या. वडिलांनी सुचवलं, एक तोळा तांदूळ मोज आणि त्यावरून हिशेब कर, वर थोडे जास्त घाल म्हणजे झालं. त्यांना काही ते पटेना. त्यांनी विनोबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की हे मोजणं म्हणजे गणित नाही, भक्ती आहे. गणितावर जीव असलेला हा मुलगा. हे उत्तर त्याला आईकडे बघूनच सुचलं असणार.

आणि साने गुरुजी? धुळ्यानंतरच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढलं. तेव्हा आईला जाऊन दीड दशक उलटलं होतं. अत्र्यांनी 1953 साली त्यावर सिनेमा काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतलं पहिलंवहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

पहिली आणि शेवटची

सचिन जगभर खेळला, पण आईने त्याला मैदानात बसून खेळताना पाहिलं ते थेट नोव्हेंबर 2013 मध्ये, वानखेडेवर, त्याच्या अखेरच्या कसोटीत. सामना मुंबईत व्हावा ही त्याचीच विनंती. त्याने 74 धावा केल्या.

वहीतलं सोनं

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्यातलं काही टिपून ठेवलं. 1951 साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण टिपलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वाऱ्यावर गेलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही अशाच कुणाकुणाच्या आयांच्या. तुमच्या आईला, आजीला एखादी ओवी, म्हण, अंगाई, एखादं व्रत पाठ असेल, तर या रविवारी मोबाइल समोर ठेवा आणि तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या. फोटो तर काय, रोजच निघतात.