सशुल्क गृहशुश्रूषा : व्यवस्था, देखरेख आणि कौटुंबिक उत्तरदायित्व

प्रास्ताविक

वृद्ध अथवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या आप्ताची सेवा मराठी कुटुंबात परंपरेने घरातील स्त्रीच्या वाट्याला आलेली आहे. या श्रमांची कधी मोजदाद झाली नाही, त्यामुळे त्यांचे मोलही ठरले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. मुले परगावी किंवा परदेशी, सून नोकरीत आणि सदनिका दोन खोल्यांची, अशा स्थितीत शहरी मध्यमवर्गाने पैसे मोजून घरी माणूस ठेवण्याचा मार्ग स्वीकारला आहे. २०२४ साली सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले खरे, परंतु ते मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार कुटुंबालाच द्यावा लागतो.

सेवा विकत घेतली म्हणजे जबाबदारी संपली, असा या व्यवहाराविषयीचा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः जबाबदारीचे केवळ रूप पालटते. हाताने करावयाच्या सेवेची जागा देखरेख घेते, आणि देखरेख कशी करावी हे कोणत्याही घराने पिढीजात शिकलेले नाही.

गरजेचे निदान

रुग्णाला परिचारिका हवी की मदतनीस, हा पहिला प्रश्न होय. परिचारिका शिक्षित असते व तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, शौचाला नेणे ही कामे मावशी, आया किंवा वॉर्डबॉय करतात. व्यवहारात मात्र ब्युरोकडून येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ‘सिस्टर’ म्हटले जाते आणि या एका शब्दाने बराच घोटाळा होतो. नाकातील नळीवाटे अन्न देणे, इन्शुलिन टोचणे, शय्याव्रणाची मलमपट्टी करणे ही कामे अप्रशिक्षित हाती सोपविली जातात. नळी जागेवर आहे की नाही हे न पाहता अन्न दिल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते. उलट केवळ सोबतीची गरज असलेल्या वृद्धासाठी नोंदणीकृत परिचारिकेचा दर मोजणारी कुटुंबेही आढळतात. रुग्णालयातून घरी पाठवताना डॉक्टरांकडून कामांची लेखी यादी घेतल्यास हा घोटाळा टळतो. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने (स्थापना १९०९) मुलींना परिचर्येचे शिक्षण देऊ केले, त्या काळी हे काम कुलीन स्त्रियांचे मानले जात नव्हते. ती अढी आज परिचारिकेपुरती विरली आहे. मावशींच्या वाट्याला मात्र ती अद्याप येते.

ब्युरो, सेविका आणि कुटुंब

हा करार वरवर पाहता दोघांचा, परंतु प्रत्यक्षात तिघांचा असतो. कुटुंब ब्युरोला पैसे देते, ब्युरो आपले कमिशन कापून सेविकेला देतो आणि काम घेतले जाते ते कुटुंबाच्या घरी. सेविकेच्या हाती नेमके किती पडते, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. ते विचारणे हा आगाऊपणा नव्हे. कमिशन अधिक असेल तेथे सेविका टिकत नाहीत आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णापुढे दर पंधरवड्याला नवा चेहरा उभा राहतो, हा त्याचा थेट परिणाम होय. म्हणून दरापेक्षा अन्य कलमे अधिक बारकाईने पाहावीत. सेविका न आल्यास बदली किती तासांत मिळणार, अनामत रक्कम केव्हा परत मिळणार, सणावारी दर बदलणार काय, पोलीस पडताळणी कोणी केली, या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

‘चोवीस तासांची बाई’ या संज्ञेचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा शय्याव्रणाचा धोका वाढतो. दिवसभर काम केलेली एकच व्यक्ती रात्रीही दर दोन तासांनी उठेल, ही अपेक्षा अमानुष तर आहेच, शिवाय ती फोलही आहे. अशा घरी बारा तासांच्या दोन पाळ्या ठेवणे किंवा रात्रीचा भार कुटुंबीयांनी उचलणे, एवढेच पर्याय उरतात. काही कुटुंबे खर्च वाचवण्यासाठी तिसरा पर्याय पत्करतात. त्याची किंमत रुग्णाच्या पाठीवर उमटते.

सेविकेसाठी हे घर कामाचे ठिकाण असते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात निवासी घराचाही अंतर्भाव आहे, आणि घरकाम करणारी स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. वृद्ध पुरुष रुग्णांच्या संदर्भात ही तरतूद कुटुंबांनी जाणून घेण्याजोगी आहे. जेवण, स्वतंत्र अंथरूण, स्वच्छतागृहाचा वापर आणि साप्ताहिक सुटी या गोष्टी मेहेरबानी म्हणून देण्याच्या नाहीत.

देखरेखीचे स्वरूप

देखरेखीचे सर्वांत साधे साधन म्हणजे नोंदवही. औषधाची वेळ, खाणे-पिणे, लघवी व शौच, कूस बदलल्याची वेळ, ताप आणि झोप यांची नोंद सेविकेने त्या त्या वेळी करावी. संध्याकाळी एकदम भरलेली वही एकाच शाईत, एकाच वळणात उतरलेली असते व ती सहज ओळखू येते. परंतु वही शरीराची साक्ष देऊ शकत नाही. कुटुंबातील कोणीतरी आठवड्यातून एकदा तरी रुग्णाची पाठ, टाचा व माकडहाड स्वतः पाहणे आवश्यक आहे. परदेशातील मुलगा दूरध्वनीवर चौकशी करू शकेल, पण हे पाहू शकणार नाही. त्यामुळे त्याच शहरातील एका व्यक्तीकडे अधिकार आणि खर्चाचा हिशेब असे दोन्ही सोपवणे इष्ट ठरते. बहुतेक घरी अधिकार दूरच्या मुलाकडे आणि काम जवळच्या सुनेकडे किंवा मुलीकडे, अशी विभागणी दिसते. भावंडांतील कटुतेचे मूळ पुष्कळदा पैशाइतकेच या विभागणीत असते.

कॅमेरा बसवण्याचा प्रघात वाढतो आहे. बैठकीच्या खोलीत तो समजण्यासारखा आहे. जेथे रुग्णाला अंग पुसण्यासाठी उघडे केले जाते, तेथे तो रुग्णाच्याच लज्जेचा भंग करतो. शिवाय रुग्ण कॅमेऱ्यापुढे सेविकेविरुद्ध बोलेल, हे संभवत नाही. जिच्या हातून पुढचा घास यावयाचा तिची तक्रार करणे परस्वाधीन माणसाला परवडत नाही. त्याच्याशी एकांतात बोलण्याची वेळ म्हणूनच ठरवून ठेवावी लागते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

पैसा आणि निर्णयाधिकार

खर्च रुग्णाच्याच ठेवींतून होत असेल, तर एक अडचण बहुधा उशिरा लक्षात येते. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र दिले की प्रश्न सुटला, असे मानले जाते. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनोविकल झाल्यास अभिकर्त्याचा अधिकार संपुष्टात येतो. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये नेमता येणाऱ्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा संबंध उपचारांशी आहे, मालमत्तेशी नाही. बेशुद्धावस्थेतील व्यक्तीसाठी पालक नेमून घेण्याकरिता कुटुंबांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आहेत. हा मार्ग वेळखाऊ आहे. ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ अशा स्वरूपाचे संयुक्त खाते रुग्ण शुद्धीवर व सुजाण असतानाच उघडणे हा त्या मानाने सुलभ उपाय होय. केवळ शरीराने असमर्थ झालेल्या खातेदारास दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी, अंगठा उमटवून रक्कम काढता येते. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिल्या आहेत.

मुले खर्च देत नसतील तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तथापि तेथे मिळू शकणाऱ्या निर्वाह रकमेची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये आहे. दिवसाला ही रक्कम ३३३ रुपये पडते आणि पुण्या-मुंबईत तेवढ्यात मदतनीसाची एक पाळीही मिळत नाही. याच कायद्यातील ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात आहेत, सून नाही. कागदावर जिचे नाव नाही, प्रत्यक्षात देखरेख तीच करीत असते. ही मर्यादा काढून टाकणे, सून व जावई यांचा व्याख्येत समावेश करणे आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरवणे, अशा तरतुदी असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर २०२४ मध्ये ते व्यपगत झाले.