बाजरीच्या दाण्यातलं लोह

बाजरीचं पीठ एकदम महिन्याचं दळून ठेवू नये, हे नगर-बीडकडच्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. थोड्या दिवसांत ते कडवट होतं. दाणा भरडला की त्यातलं तेल आणि ते तेल तोडणारं लायपेज नावाचं विकर यांची गाठ पडते, आणि पीठ खवट होऊ लागतं. 2022 मध्ये यामागची जनुकं उजेडात आली. ती निकामी असलेल्या बाजरीचं पीठ जास्त टिकतं.

असा शोध शक्य झाला तो बाजरीच्या जनुकसंचाचं वाचन झाल्यामुळे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था ज्यात सहभागी होती, त्या आंतरराष्ट्रीय गटानं 2017 मध्ये हे वाचन प्रसिद्ध केलं. सुमारे 38 हजार जनुकं आणि जोडीला जवळपास हजार वाणांची तुलना!

जनुकीय खुणांचा वापर मात्र त्याआधीच सुरू झाला होता. पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून हवं ते जनुक रोपात उतरलंय की नाही हे कळतं, कणसाची वाट पाहावी लागत नाही. गोसावी रोगाला दाद न देणारा ‘एचएचबी 67 इम्प्रूव्हड’ हा हरियाणाचा संकर 2005 मध्ये याच वाटेनं आला.

लोहाची गोष्ट जुन्या पद्धतीची आहे. टोगोतल्या बाजरीपासून निघालेल्या ‘आयसीटीपी 8203’ या वाणात सगळी ताटं सारखी नव्हती. जास्त लोहाचे वंश निवडून, त्यांचा आपसांत संकर करून ‘धनशक्ती’ तयार झाली आणि 2012 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाली. किलोमागे सुमारे 71 मिलीग्रॅम लोह. हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही: मळणीत दाण्याला माती चिकटली, तर मातीतलंच लोह आकड्यात शिरतं.

पण दाण्यातलं लोह रक्तात उतरतं का? बाजरीतलं फायटेट त्याला अडवतं, म्हणून शंका रास्तच होती. नगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना सहा महिने या बाजरीची भाकरी आणि शेव देऊन चाचणी झाली. साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही आलेखापेक्षा हा पुरावा वजनदार.

2018 पासून देशात बाजरीच्या नव्या वाणाला मान्यता हवी, तर किलोमागे किमान 42 मिलीग्रॅम लोह आणि 32 मिलीग्रॅम जस्त असावं लागतं.