सात दात्यांचं दाताळं

सकाळी साडेसहा. मे महिन्यात मंगळवेढ्याच्या पट्ट्यात लोखंडाचं काम करायचं तर उन्हाच्या आधी निम्मं उरकावं लागतं. अकरानंतर पत्र्याच्या शेडखाली चॅनेल हाताला धरवत नाही. आज हातात एकच काम आहे, तात्यांच्या रानासाठी ट्रॅक्टरमागं जोडायचं दाताळं. रान काळं, खोल, मालदांडीचं. वाटणीच्या वादात काही वर्षं पडीक राहिलं आणि कुंद्यानं व हरळीनं ते गिळलं. गेल्या साली तात्यांनी भाड्यानं रोटाव्हेटर फिरवला. वरून रान झकास दिसलं, पण जूनच्या पहिल्या पावसानंतर दुप्पट कुंदा उगवला.

तसंच होणार होतं. कुंद्याची मुळी फिकट, खवल्याखवल्यांची असते आणि जमिनीत चांगली खोल आडवी पळते. तिच्या पेऱ्यापेऱ्याला डोळा असतो. हरळीचंही तेच. एका मुळीचे दहा तुकडे केले तर दहा नवी रोपं लावल्यासारखं होतं. रोटाव्हेटर तुकडेच करतो. त्यामुळं कुंद्याच्या रानात हवं ते कापणारं औजार नव्हे, उपसणारं. मुळी अख्खी, लांबच्या लांब वर आली पाहिजे. आजचं सगळं काम या एका गोष्टीसाठी आहे.

साडेसात. तात्या ट्रॅक्टर घेऊनच आले. कागदावरच्या मापावर माझा भरवसा नाही, मशीन समोर लागतं. खालच्या दोन्ही लिंकची भोकं 28 मिलिमीटरच्या पिनेची, टॉप लिंकची पिन 25 ची. म्हणजे कॅटेगरी दोन. लहान ट्रॅक्टरला हीच मापं 22 आणि 19 असतात. पुष्कळ जण बारीक पिनेवर बुश चढवून भागवतात. नांगराला ते कसंबसं चालतं. मुळं उपसताना धक्के बसतात आणि ढिली पिन भोक खाऊन टाकते.

आठ ते दहा सांगाडा. शंभरचे दोन-दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून पेटीसारखे जोडायचे, असे दोन आडवे दांडे, मध्ये तीन उभे. आधी फक्त टाके मारायचे. मग फितीनं दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. आमच्या पोराला मी हे पहिल्या दिवशी शिकवलं. त्यानं आज स्वतःहून फीत घेतली, चार मिलिमीटरचा फरक काढला आणि हातोड्यानं कोपरा सरकवला. काही बोलावं लागलं नाही. टाके पक्के करतानाही एका बाजूनं सलग रॉड ओढत जायचं नाही. इकडं थोडं, समोर थोडं, असं फिरत राहायचं, म्हणजे सांगाडा पिळत नाही.

दात्यांची मांडणी हा खरा विचार. सात दाते एकाच दांड्यावर पंचवीस सेंटिमीटरवर ओळीनं लावले तर शंभर फूटही जायच्या आत ढेकळं आणि मुळ्या मध्ये अडकून दाताळ्याचं फळकूट होतं. म्हणून पुढच्या दांड्यावर तीन, मागच्यावर चार. एका ओळीत दोन दात्यांत पन्नास सेंटिमीटर, पण पुढचा दाता मागच्या दोघांच्या बरोबर मध्ये. रानात रेघ पंचवीसवर पडते आणि मुळ्यांचा गुंता निसटायला वाट राहते. दाता लांब ठेवला, कारण सांगाडा मातीपासून उंच राहिला नाही तर तोच माती लोटायला लागतो.

साडेदहा. लाइट गेली. तिची वाट बघत बसण्यापेक्षा शेजारच्या लोहारकाकांच्या भात्यावर गेलो. दात्याचा देह 25 मिलिमीटर जाड प्लेटचा आहे, कालच गॅसनं कापून ठेवला होता. टोकं मात्र ट्रकच्या जुन्या पाट्यांची. पाट्याचं पोलाद कडक आणि चिवट, त्यामुळं लवकर झिजत नाही. पण त्याचा स्वभाव ओळखून वागावं लागतं. काकांनी पाटा लालभडक करून घणाखाली टोकाला पुढं बाक दिला. टोक असं पुढं झुकलं की दाता आपसूक जमिनीत शिरतो आणि मुळीला खालून उचलतो. सरळ उभा दाता नुसता ढकलत जातो. मग टोक पुन्हा तापवून जळक्या तेलात विझवलं. पाण्यात विझवलं तर पाट्याला केसाएवढी चीर जाते आणि ती रानातच कळते. तेलातून काढल्यावरही काका थांबले नाहीत. टोक जरा घासून उजळ केलं आणि निखाऱ्याच्या कडेला धरलं. पिवळसर झाक येऊन ती निळ्याकडं सरकली तसं बाजूला काढलं. "ह्ये केलं न्हाई तर काचंवानी तुटतंय बघ," काका म्हणाले. एवढी नजर मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नसती.

काकांच्या वडिलांनी आठ बैली लाकडी नांगराचे फाळ शेवटले होते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभारली ती लोखंडी नांगराच्या बळावर. काळ्या रानाची खोल मशागत या औजारानं सोपी केली. तरी खोल गेलेल्या कुंद्याला कुदळ आणि पहारच लागायची. खणणाऱ्या बायामाणसांच्या पाठी त्यात मोडल्या.

एक. भाकरी, पिठलं, कांदा. लाइट आली.

दीड ते चार. टोकं दात्यांना वेल्ड करायची नाहीत, दोन-दोन नांगरी बोल्टांनी बसवायची. पाट्याला थंडच वेल्डिंग केलं की जोडाच्या कडेला तो कडक होऊन तडकतो. शिवाय झिजलेलं टोक शेतकऱ्याला स्वतः बदलता आलं पाहिजे.

दाते सांगाड्याला दोन बोल्टांवर धरलेत. खालचा जाड, त्याच्यावर दाता फिरतो. वरचा 12 मिलिमीटरचा, मुद्दाम साधा, डोक्यावर 4.6 हा ताकदीचा आकडा छापलेला. बांधाकडंला वेड्या बाभळीची खुंटं जमिनीत आहेत. दाता तिथं अडकला तर हा बोल्ट तुटायचा आणि दाता मागं झुकायचा. फिरत्या बोल्टापासून टोक साठ सेंटिमीटरवर, साधा बोल्ट दहावर, म्हणजे टोकावरचा ताण बोल्टापाशी सहापट होतो. तात्या म्हणाले, "मिस्त्री, 8.8 चा घाला की, तुटायची कटकटच नको." मी नाही म्हणालो. त्यांना समजावलं, बोल्ट तुटला तर थोडक्यात भागतं, तो तुटला नाही तर दाता वाकतो, सांगाडा फाटतो किंवा लिफ्टचा हात जातो. सुटे बोल्ट डबीत भरून टूलबॉक्समध्ये ठेवून दिले.

पावणेपाच. रानात. नांगरट महिन्याभरापूर्वीची, त्यावर परवा वळीव झाला, ढेकळं फुटायला आलीत आणि वाफसा आहे. याच्या आधी चिखल, याच्या नंतर माती दगड. तात्यांनी पहिल्या लो गिअरमध्ये लिफ्ट हळू सोडली. दोनशे किलोचं औजार आपल्या वजनानंच बसलं. पन्नास पावलांवर मागच्या दात्यांवर फिकट मुळ्यांच्या झिपऱ्या लोंबायला लागल्या. एक ओढून मोजली, माझ्या कमरेएवढी, अख्खी, टोकाचा कोंब शाबूत. तात्या ट्रॅक्टरवरून उतरले आणि ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

बांधाकडंला एक बोल्ट तुटला. दाता मागं गेला, बाकी काही झालं नाही. बदलून पुढं निघालो. तिथलं मोठं खुंट ट्रॅक्टरच्या एक्सलला साखळी बांधून ओढू या, असं एकानं सुचवलं. मी हात जोडून थांबवलं. ओढ लिंकच्या वरून लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर पालथा होतो. सावरायला क्षणभरही मिळत नाही. खुंट पहारीनं मोकळं करा नाहीतर जेसीबी बोलवा.

साडेसहा. लिफ्ट उचलून मुळ्या बांधावर टाकल्या. त्या उन्हात कडकडीत वाळवायच्या. ओल्या मुळ्या उकिरड्यात गेल्या तर शेणखतातून परत रानात येतात. कुंदा एका फेरीत संपत नाही. पंधरवड्यानं आडवी पाळी घालावी लागेल आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा.

ज्यांच्या रानात कुंदा आहे त्यांनी रोटाव्हेटरचं भाडं आधी वाचवावं. हे दाताळं कोणत्याही गावच्या वेल्डिंगवाल्याला जमेल, माप माझ्याकडून उतरवून न्या, त्याचे पैसे नाहीत. येताना आपल्या ट्रॅक्टरच्या पिनांची जाडी आणि खालच्या दोन लिंकमधलं अंतर तेवढं मोजून आणा.